‘फ्लुओरेसंट प्रोब’ : शलाका, शोधक की खूणगाठ?

जिवंत पेशीत मोटर प्रथिने, म्हणजे माल वाहून नेणारी प्रथिने, जी वाहतूक करतात ती पाहण्यासाठी प्रकाश देणारा रेणू खूण म्हणून वापरतात. त्या ‘फ्लुओरेसंट प्रोब’ला मराठीत ‘चमकती शलाका’ म्हणावे, अशी एक सूचना आहे. मला त्यातले दोन्ही शब्द खटकतात.

चमक घासलेल्या भांड्यालाही असते, पण ती परावर्तनाची. येथे रेणू निळा प्रकाश शोषून घेतो, काही नॅनोसेकंदांत हिरवा प्रकाश परत देतो आणि निळा झोत बंद होताच विझतो. ‘फ्लुओरेसन्स’साठी रूढ असलेल्या ‘प्रतिदीप्ती’ या शब्दातला ‘प्रति’ नेमके हेच सांगतो, म्हणून तो शब्द राखावा. काजव्याचा उजेड मात्र रासायनिक क्रियेतून येतो, म्हणून तो प्रतिदीप्ती नव्हे.

खरा पेच ‘प्रोब’चा आहे. सुश्रुतसंहितेत व्रणाचा माग काढणाऱ्या उपकरणाला ‘एषणी’ म्हटले आहे आणि शलाकाही त्याच कुळातली, म्हणजे आत घालायची, चाचपायचे आणि बाहेर काढायची. पेशीतला प्रोब असा बाहेर येत नाही. जपानी शास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळे काढलेले हिरवे प्रतिदीप्त प्रथिन आज जनुकाच्या पातळीवरच हव्या त्या प्रथिनाला जोडता येते आणि मग ते त्याच्यासोबतच फिरते. अशा बांधून ठेवलेल्या खुणेला मराठीत ‘खूणगाठ’ हा शब्द तयारच आहे. कॅल्शियमच्या प्रमाणानुसार ज्याचा प्रकाश कमीजास्त होतो, त्या रंगद्रव्याला मात्र ‘शोधक’ म्हणावे.

‘मोटर प्रथिन’ तसेच राहू द्यावे. ‘वाहक प्रथिने’ हे नाव पेशीपटलातून रेणू आरपार नेणाऱ्या प्रथिनांकडे आधीच गेले आहे, आणि ‘चालक’ म्हटले की एसटीचा चालक डोळ्यांपुढे येतो, जो स्वतः पाऊल टाकत नाही. १९८५ मध्ये सापडलेले कायनेसिन हे मोटर प्रथिन तर ओझे घेऊन सूक्ष्मनलिकेवर, म्हणजे पेशीतल्या रुळासारख्या बारीक नळीवर, आठ-आठ नॅनोमीटरची पावले टाकत चालते.

वाक्यरचनेतही जपावे लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट सूत्रकृमीच्या चेतापेशींतली वाहतूक अभ्यासतो. अशा प्रयोगांत खूणगाठ बहुधा पुटिकेला, म्हणजे पेशीतल्या इवल्या पिशवीला, अर्थात मालाला, बांधलेली असते. तिच्या हालचालीच्या आलेखात आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर काळ मांडला, की थांबलेल्या पुटिकेची रेघ उभी आणि चालत्या पुटिकेची तिरकी उमटते. ती रेघ मालाची असल्यामुळे ‘कायनेसिन सरकताना दिसले’ असे न लिहिता ‘कायनेसिनने वाहिलेली पुटिका सरकताना दिसली’ असे लिहावे.