रेट्रो बास्केटबॉल शूज घ्यायचेत, फिटिंग कसं बघायचं?

पोवईनाकेकर: मंडळी, नाइकीचा एअर जॉर्डन १ की एअर फोर्स १, दोन महिने झाले माझं काही ठरत नाहीये. पगारातनं थोडे थोडे बाजूला टाकलेत त्यामुळे चुकायला नको. पाय पुढून रुंद आहे, नेहमी ९ नंबर लागतो. रोज चालत ऑफिस आणि रविवारी साताऱ्यातली चार भिंतीची टेकडी, एवढाच वापर, कधीतरी पोरांबरोबर बास्केटबॉल. दिसायला जॉर्डनच लय आवडतो पण दिवसभर पाय दुखणार असतील तर काय उपयोग?

जुना_गडी: दोन्ही वापरलेत म्हणून सांगतो. फोर्स १९८२ चा आणि जॉर्डन १९८५ चा, म्हणजे त्या काळच्या कोर्टसाठी बनवलेले, आजच्या रनिंग शूजसारखा मऊपणा त्यात शोधू नकोस. जॉर्डनमध्ये एअर, म्हणजे सोलमधली हवेची उशी, फक्त टाचेखाली, पंजाखाली सपाट आणि कडकच लागतं. फोर्सचा सोल जाड, उभं राहायला बरा, पण वजन जाणवतं आणि बारीक पायावर तो ठोकळ्यासारखा दिसतो. फोर्स जरा मोठा येतो, लोक अर्धा नंबर कमी घेतात, पण तुझा पाय रुंद, तू आधी ९ च घालून बघ. आणि ट्रायल संध्याकाळी कर, दिवसभरात पाय फुगलेला असतो, रोजचेच मोजे घाल. लेस बांधून उभा राहा आणि वरनं बघ, लेसच्या भोकांच्या दोन्ही रांगा एकमेकींपासून लांब ताणल्या असतील तर शूज अरुंद, पार चिकटल्या तर सैल. मग चालून बघ, पंजा वाकतो तिथं लेदरला घडी पडते, ती घडी अंगठ्याच्या सांध्यावर टोचली की तो जोड तिथंच ठेव, "वापरून सैल होईल" म्हणत घेऊ नको. लेदर रुंदीला थोडं सुटतं, लांबीला नाही.

कृष्णाकाठ: खेळायला यातलं काहीच नको भावा, आताचे बास्केटबॉल शूज वेगळे घे. पावसात चार भिंतीच्या ओल्या दगडावर पण जपून.

बॉक्सवाला: सेकंडहँड बघत असशील तर आतल्या लेबलवरची तारीख वाच. माझ्या चुलत भावानं कधीच न घातलेला जॉर्डन ४ घेतला, बॉक्समध्येच आठ वर्षं पडून होता, एकदम नवा कोरा, आणि पहिल्याच दिवशी साताऱ्यातल्या राजपथावर चालता चालता सोलचा भुगा झाला. त्यात पॉलियुरेथेनचा फोम असतो, हवेतल्या ओलाव्यानं तो आतून ठिसूळ होतो, वापरला नाही तरी. आपल्याकडचा पावसाळा माहितीये ना. जॉर्डन १ ला रबरी कपसोल (वाटीसारखा एकसंध सोल) आहे, त्याचा असा भुगा होत नाही.

पोवईनाकेकर: लेसच्या रांगांचं कुणीच सांगितलं नव्हतं, खरंच आभार. शनिवारी पुण्याला जातोय, संध्याकाळी सहानंतरच दुकानात शिरणार. जॉर्डन लो, म्हणजे घोट्याखालपर्यंतचा, घालून बघतो, उंच गळ्याच्या हायची कड घोट्याला घासेल असं वाटतंय.

जुना_गडी: साडेनऊ पण काढायला सांग, दोन पायांत दोन नंबर घालून फरक बघ.