मदत हवी आहे: आजोबांच्या घड्याळातलं रेडियम खरवडू द्यावं का?

मंडळी, आजोबा पलटणीत होते, त्यांचं वेस्ट एंड कंपनीचं 'सोवार प्राइमा' मनगटी घड्याळ माझ्याकडे आलंय. 1940 च्या दशकातलं असावं असा घरचा अंदाज. चावी दिली की अजून झकास चालतं. आकड्यांवर आणि काट्यांवर पिवळट-तपकिरी, भेगाळलेला लेप आहे, पण अंधारात काहीच चमकत नाही. बरीच वर्षं कपाटात बंद पडून होतं. काटे जिथे थांबले होते तिथे तबकडीवर काट्यांच्याच आकाराचा करपट डाग उमटलाय.

ऑइलिंगला दिलं तर घड्याळजी म्हणतात, "जुना रंग खरवडून नवा भरतो, रात्री लख्ख दिसेल." हो म्हणणारच होतो, पण अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी रेडियम या किरणोत्सर्गी धातूच्या रंगाने तबकड्या रंगवणाऱ्या कारखान्यातल्या मुली आठवल्या. ब्रशला टोक यावं म्हणून ओठांत धरायचा, रंगात बुडवायचा, आकडा रंगवायचा, दिवसभर हेच. रेडियम कॅल्शियमसारखं हाडांत जाऊन बसलं, जबडे सडले. त्यांतल्या ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघींनी कंपनीवर दावा लावला, 1928 साली तडजोड झाली. तो रंग बनवणारा साबिन फॉन सोचोकीसुद्धा त्याच वर्षी गेला.

तर, चमक गेली म्हणजे रेडियमही संपलं ना? घरात पाच वर्षांची मुलगी आहे, ठेवावं की नको?

जुनाट_किल्ली:
नाही हो, उलट आहे. चमकायचं ते रेडियम नव्हे, त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड. रेडियमच्या किरणांचा मारा खाऊन खाऊन ते निकामी झालं. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, 1600 वर्षं. 75 वर्षांत जेमतेम 3 टक्के घटलं असेल. तुमचा तो करपट डाग हीच रेडियमची खूण. तबकडीवर खाली 'टी स्विस टी' असतं तर गोष्ट वेगळी. ते ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, 60 च्या दशकापासूनचं. त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, आणि त्याचे किरण काचेतूनही बाहेर येत नाहीत. खात्री हवी असेल तर कुणाकडे गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) मिळतो का बघा. काचेवरून कडकडला तर रेडियम.

मनगटशाही:
खरवडणं साफ नको! रेडियमचे अल्फा किरण काच अडवते, पण भुगा नाकातोंडात गेला तर काचेचा काय उपयोग? घड्याळजी डोळ्याला भिंग लावून तबकडीपासून चार बोटांवर तोंड नेऊन बसतात, विचार करा. त्यांना नीट सांगा, बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. शिवाय मूळ लेप गेला की संग्राहकही ढुंकून बघत नाहीत.

घरात ठेवा, पण बंद काचेसकट आणि मुलीच्या हाताला लागणार नाही असं. त्याचे गॅमा किरण मात्र काचेतून येतात, म्हणून रोज मनगटावर किंवा उशाशी नको. रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू सुटतो, तेव्हा कोंदट कपाटही नको. काच तडकली तर घड्याळ झिपच्या पिशवीत घाला.

धागाकर्ता:
आभार! घड्याळजींनी आत्तापर्यंत फक्त मागचं झाकण उघडलंय. पण लेपाचे कण मशीनमध्ये पडले असतील का?

जुनाट_किल्ली:
भेगाळलाय म्हणता, म्हणजे पडू शकतात. आता आणखी उघडू देऊ नका. टेबल ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधायला सांगा. फुंकर किंवा ब्लोअर अजिबात नको, आणि हात धुतल्याशिवाय चहासुद्धा नको.