पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय?
डॉक्टरांना नवं संशोधन वाचायला वेळच मिळत नाही असं म्हणतात, ते पटतं. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या पाड्यांवर मी आरोग्यसेविका म्हणून फिरते, तिथे घोडं फार साध्या माहितीपाशी अडतं. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे रक्ताची पहिली साधी चाचणी, पॉझिटिव्ह आली, एवढंच घरच्यांना कळतं. पण वाहक कोण (म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हा दोष आलेला, स्वतः आजारी नसलेला) आणि रुग्ण कोण, हे ही चाचणी सांगतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्तातलं हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे ते दाखवणारी दुसरी चाचणी करावी लागते. एका पावरा आदिवासी माउलीने नुसत्या वाहक असलेल्या लेकीचं लग्न दोन वर्षं थांबवून धरलं होतं. लेक फक्त वाहक आहे हे सांगणारा दुसऱ्या चाचणीचा रिपोर्ट घरातच होता, इंग्रजीत. पावरीत समजावून सांगितला तेव्हा ती कितीतरी वेळ रडत होती.

हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने सिकलसेलच्या रुग्णांचे दुखण्याचे झटके कमी होतात हे १९९५ सालीच छापून आलंय. पण गोळी चालू असताना रक्त तपासत राहायचं, हे घरी कोण सांगणार?