जेवताना मोबाईल, झोपताना मोबाईल... घरातली ही सवय बदलायची कशी?

नाशिकची_आई:
नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत असते, आज लिहितेय कारण खरंच मदत हवीये. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे, मुलीला आत्ताच तीन वर्षं पूर्ण झाली. आम्ही दोघंही नोकरीला, मी सकाळी साडेनवाला निघते ती सात वाजता घरी, त्यामुळे शाळा आणि बालवाडी सुटली की मुलं आजीआजोबांकडे असतात, एकाच घरात राहतो आम्ही.

मुलीला जेवताना मोबाईल लागतोच. घास तोंडात घेते आणि गालात तसाच धरून बसते, डोळे कार्टूनवर, मग आजी गालाला हात लावून ‘चाव गं बाळा’ म्हणाली की दोनदा चावते आणि परत थांबते. वाटीभर वरणभाताला तास जातो. मुलाचं वेगळंच, शाळेचा अभ्यास व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो म्हणून फोन घेतो, वहीत चार ओळी उतरवल्या की लगेच शॉर्ट्स सुरू. नाहीतर आजीला म्हणतो ‘तुला भजन लावून देऊ का’, लावूनही देतो, आणि थोड्या वेळाने बघावं तर भजन बंद आणि फोन ह्याच्या मांडीवर. काढून घेतला की पाय आपटणं, रडणं, दार लावून घेणं.

मला एकदम सगळं बंद करायचं नाहीये, ते टिकणारही नाही. पण ह्या वयात किती वेळ चालतो, मिनिटं मोजत बसायचं का, आणि मुख्य म्हणजे आईंना (सासूबाईंना) न दुखावता हे सांगायचं कसं? त्यांचे गुडघे दुखतात, दिवसभर दोन मुलांमागे पळणं त्यांना होत नाही, त्यांना दोष द्यायचा माझा अजिबात विचार नाही.

सडेतोड_भाऊ:
मुळात फोन हातात द्यायचाच नाही, विषय संपला. दोन दिवस रडतील मग आपोआप गप्प बसतील. आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं.

कल्याणची_ताई:
भाऊ, घरात दोन वयस्कर माणसं आणि दोन लहान मुलं असताना ‘विषय संपला’ असं होत नाही हो, फोन काढला की त्या वेळात मुलांनी करायचं काय हे कुणीतरी बघावं लागतं.

ताई, आधी तुमच्या आकड्यांचं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलंय की 2 वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नकोच, आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, त्याहून कमी असेल तर उत्तमच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही (इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स) जवळपास तेच आहे, 2 वर्षांखाली काहीच नाही, फक्त नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालेल, 2 ते 5 ला 1 तास, 5 ते 10 ला 2 तासांच्या आत. म्हणजे मुलीचा जेवणातच कोटा संपतोय आणि तोही सगळ्यात चुकीच्या वेळी, कारण बघत बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरलं कधी तेच कळत नाही, चवही कळत नाही.

पण मिनिटं मोजायला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे मिनिटांवरून रोज घासाघीस व्हायची, ‘अजून पाचच मिनिटं’ हे कधी संपतच नाही. त्यापेक्षा जागा आणि वेळ ठरवा. जेवायला बसतो तिथे फोन नाही, बेडरूममध्ये फोन नाही, आणि बघायचं असेल तर हॉलमध्ये, टीव्हीवर, सगळ्यांसमोर. नियम माणसावर नाही तर जागेवर असला की भांडणाला कारण उरत नाही, कारण तिथे बाबाचाही फोन नसतो ना.

जेवणाचं एकदम तिन्ही वेळेला करू नका. रात्रीचं जेवण आधी घ्या कारण तेव्हा तुम्ही स्वतः घरी असता, आईंवर भार येत नाही. सगळ्यांनी एकत्र खाली बसायचं, मुलीला तिचं वेगळं छोटं ताट, पोळीचे तुकडे तिला स्वतःला करू द्या, सांडू द्या. वीस पंचवीस मिनिटं झाली की ताट उचलायचं, मागे लागून भरवायचं नाही. पहिले काही दिवस कमी खाईल, तेव्हा आजीचा जीव तुटेल, तेवढं आधीच बोलून ठेवा त्यांच्याशी की कमी खाल्लं तर मधे बिस्किटं द्यायची नाहीत, पुढच्या जेवणाला भूक लागूनच येईल. तब्येतीची किंवा वजनाची काही तक्रार असेल तर मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून करा.

कडेगावकर:
ताईंचं जागा-वेळेचं म्हणणं एकदम पटलं. आमच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, पेपरात वाचलं असेल तुम्ही. कोविडमध्ये ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हातात फोन आले आणि शाळा सुरू झाल्या तरी सुटेनात, म्हणून 2022 च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजणार आणि दीड तास घरोघरी टीव्ही बंद, मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, वाचायचं, बाकीच्यांनी एकमेकांशी बोलायचं. साडेआठला परत भोंगा. सुरवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची माणसं, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून सांगत होते.

ह्यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे की भोंगा पोरांसाठी नाही वाजत, अख्ख्या घरासाठी वाजतो. आईची सिरियलपण बंद, बापाचा फोनपण बंद. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्शी गावाने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला होता, कळकळ दोन्हीकडे तीच आहे, पण घरात उतरवायला मला तरी वडगावची रीत जास्त सोपी वाटते. पोरगं बघतं ना, आपण सोफ्यावर आडवं पडून रील्स सरकवत त्याला ‘अभ्यासाला बस’ म्हणतो ते. फ्लॅटमध्ये भोंगा नाही पण घड्याळाचा गजर आहे की. 7 ते 8 किंवा तुम्हाला जमेल ती वेळ धरा, सगळ्यांचे फोन एका टोपलीत, रिंगर चालू ठेवा म्हणजे कुणाचा कामाचा फोन आला तर कळेल. गजर कुणी लावायचा? तुमच्या पोराला लावू द्या. सगळ्यांचे फोन गोळा करायचं कामही त्यालाच द्या, बघा कसा आजोबांच्या मागे लागतो ते.

सोलापूरचा_चष्मेवाला:
मी डोळे तपासायचं काम करतो, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून एका गोष्टीवर जोर देऊन सांगतो. बघायचंच असेल तर फोनपेक्षा टीव्ही कधीही बरा. फोन मूल नाकासमोर धरतं, अंथरुणात पडून तर अजून जवळ, टीव्ही आठ दहा फुटांवर असतो. मायनस नंबर लागण्याचा आणि वाढण्याचा संबंध ह्या सतत जवळ बघण्याशी आहे आणि त्याहून जास्त बाहेर न जाण्याशी आहे. घरात दिवे लावून सुद्धा उजेड काहीशे लक्स असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार मिळतो, आणि त्या उजेडाचा डोळ्याच्या वाढीवर चांगला परिणाम होतो. तैवानमध्ये 2010 पासून शाळांमधून मुलांना दिवसाला 120 मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रम सुरू केला आणि तिथे वर्षानुवर्षं वाढत चाललेलं मुलांच्या कमी दृष्टीचं प्रमाण त्यानंतर खाली यायला लागलं.

त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी फोन किती वेळ असं आधी विचारतच नाही, बाहेर किती वेळ खेळतो ते विचारतो. गच्ची, सोसायटीचं पार्किंग, शाळेतून येताना बागेत थांबणं, काहीही चालेल, पण उजेड असताना. आणि अभ्यासासाठी फोन वापरताना 20 मिनिटं झाली की 20 फूट लांब 20 सेकंद बघायचं, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी बघ असं सांगितलं की मुलांना बरोबर कळतं. सात वर्षांचा आहे म्हणताय तर वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या, मुलं स्वतःहून सांगत नाहीत दिसत नाही म्हणून.

झेडपी_शिक्षिका:
अभ्यासाच्या व्हॉट्सअॅपवर बोलते. दुसरीतल्या मुलाला फोन बघून लिहायची गरज नाही. तुम्ही ऑफिसातून तो मेसेज बघा आणि घरी फोन करून आजोबांना सांगा, आजोबा एका कागदावर उतरवतील, मूल कागद बघून अभ्यास करेल. आणि पुढच्या पालकसभेत बोला की अभ्यास डायरीत लिहून द्या. एकट्या पालकाने सांगितलं तर राहून जातं, चार जणींनी मिळून सांगितलं तर शाळा ऐकते, आम्ही शिक्षक पण ऐकतो. बाकी दुपारच्या वेळासाठी ‘किशोर’ मासिक बघा, बालभारतीचं आहे, 1971 पासून निघतंय. आजोबांनी मोठ्याने वाचायचं आणि मुलाने मधली एखादी ओळ वाचायची, दुसरीच्या वयाला फार छान जमतं.

साताऱ्याचे_आजोबा:
ताई, आम्ही तुमच्या सासूबाईंच्या बाजूचे आहोत म्हणून लिहितो. आमच्या घरीही नातवंडं आहेत. दुपारी दोन ते पाच हा वेळ फार कठीण जातो हो, अंगात त्राण नसतं आणि मुलांना झोप नसते. तेव्हा फोन दिला जातो तो लाडाने नाही, थकव्याने दिला जातो. ‘आई, फोन देऊ नका’ असं म्हणालात तर त्यांना वाटेल की आपण सांभाळतो त्याचं काही नाही. त्यापेक्षा ‘आई, दुपारी तुम्हाला फार होतं, आपण काहीतरी सोय करू’ इथून सुरवात करा. आमच्या सुनेने तसंच केलं. चार ते साडेपाच शेजारची कॉलेजातली मुलगी येते, मुलांना खाली खेळायला नेते, महिन्याला थोडे पैसे घेते. आम्हाला तेवढाच आराम.

आणि बसल्या जागी होण्यासारखं पुष्कळ असतं. मटार सोलणं, शेंगा फोडणं, वातींचा कापूस पिंजणं, पत्ते, सापशिडी. तीन वर्षांची पोर लसूण सोलायला बसली तर अर्धा तास कुठे जातो कळत नाही, आणि सगळा वेळ बडबड चालू असते तिची. ती बडबड ऐकायला समोर माणूस लागतो, कार्टून काही तिला उलट उत्तर देत नाही.

नाशिकची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, आजोबा तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, आईंना तुमचा रिप्लाय वाचून दाखवला. त्या म्हणाल्या दुपारचं कुणी बघणारं मिळालं तर सोनंच. खालच्या मजल्यावरच्या एका मुलीला विचारलंय, परवा सांगते म्हणालीये. रात्रीच्या जेवणाचं आजपासून सुरू करतोय, ह्यांनाही सांगितलंय की ऑफिसचा कॉल असेल तर आधी कॉल संपवा मग पानावर या. गजर लावायचं काम मुलाने लगेच घेतलंय.

एकच राहिलं, आईंच्या फोनवर यूट्यूब आहे ते त्यांना भजन-कीर्तनाला हवंच, काढता येणार नाही. मग शॉर्ट्सचं काय करू?

कल्याणची_ताई:
आईंच्या फोनला लॉक लावा, बोटाच्या ठशाचं, म्हणजे त्यांना आकडे लक्षात ठेवायला नकोत आणि नातवाला उघडता येणार नाही. यूट्यूबमध्ये ऑटोप्ले बंद करा, एक संपलं की दुसरं आपोआप लागतं तिथेच मुलं अडकतात. आणि मुलांसाठी जे काही ठेवायचं ते टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये यूट्यूब किड्स लावून ठेवा, त्यात फक्त तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असं सेटिंग आहे, ते केलं की सर्चही बंद होतो. रविवारी मुलाला शेजारी घेऊन बसा आणि दोघं मिळून निवडा, त्याला काय आवडतं तेही कळेल तुम्हाला. एपिसोड संपला की बंद असं ठरवा, मधेच बंद केलं की चिडणारच ना, आपणही चिडतो.

नाशिकची_आई:
ठशाचं लॉक आत्ता लावलं. मुलगा विचारतोय आजोबांच्या फोनला पण लावणार का.

कडेगावकर:
लावा की, सगळ्यांच्याच लावा.