मदत हवी आहे : मोठ्या बाबांना इंग्लंडात फुटबॉल मॅच पाहायची आहे, तिकीट फोनमध्येच येते म्हणतात, काय करू?

नमस्कार मंडळी, आधी असा धागा निघाला असेल तर लिंक द्या, मी शोधलं पण सगळे क्रिकेटच्या तिकिटाचेच दिसले.

तर आमचे मोठे बाबा (वडिलांचे मोठे भाऊ), वय ७१, घाटंजी तालुक्यात खेड्यावर राहतात, दिवाळी झाली की इंग्लंडला चालले कारण ताईची डिलिव्हरी आहे, मोठी आई आधीच पोचली. जवाई तिकडं नोकरीला आहेत आणि दोघांनी मिळून तिथल्या चॅम्पियनशिपमधल्या एका क्लबचं सीझन तिकीट काढलेलं आहे (क्लबचं नाव टाकत नाही, जवाई म्हणाले नेटवर लिहू नका). चॅम्पियनशिप म्हणजे प्रीमियर लीगच्या एक पायरी खालची, २४ टीम, म्हणजे घरच्या ग्राउंडवर २३ मॅच. आता ताई या दिवसांत काही तिथल्या पायऱ्या चढत नाही, तिची खुर्ची रिकामीच, तर जवाई म्हणाले मामाजी तुम्ही चला.

हे ऐकल्यापासून बुढ्याला झोप नाही. कापूस वेचायला बाया आल्या का, तिकडं लक्षच नाही. आमच्या गावात सगळे क्रिकेटवाले, हे एकटे फुटबॉलवाले, कारण जवानीत रेल्वेत कामठीला होते आणि कामठीत फुटबॉल काय चीज आहे ते नागपूरकडच्यांना सांगायला नको. १९७७ ला पेले कलकत्त्याला आला होता, कॉसमॉस विरुद्ध मोहन बागान, ईडन गार्डनवर, तेव्हा हे पास काढून हावड्याला गेले होते, पावसानं ग्राउंडचा चिखल झाला होता आणि मॅच २-२ सुटली, हे आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं की मीच तिथं होतो असं वाटते. त्या मॅचच्या तिकिटाचा अर्धा तुकडा अजून पानाच्या डब्यात खालच्या कप्प्यात आहे, चुन्याचा डाग पडलेला, कोणाला हात लावू देत नाहीत.

आता अडचण. जवाई म्हणाले कागदी तिकीट बंद, कार्ड पण बंद, पास फोनच्या वॉलेटमध्ये (तिकीट-पास ठेवायचं ॲप) येतो आणि गेटवर मशीनला फोन टेकवायचा. ताईच्या नावाचा पास क्लबच्या अकाउंटवरून मोठ्या बाबांच्या नावावर पाठवता येते, पण ज्याचा पास त्याचा फोन. आणि यांच्याकडं बटनवाला. मी यवतमाळहून एक स्मार्टफोन आणला, दुकानवाल्याला तीनदा विचारलं एनएफसी (फोन नुसता टेकवून चालते ती चिप) आहे का, म्हणे सगळ्यात असते भाऊ, घरी आणून सेटिंग उलटीपालटी केली तर एनएफसीचा पत्ताच नाही. आता वापस घेत नाही म्हणते. तो फोन बायकोला दिला, पण माझा प्रश्न तसाच.

ताईचाच फोन नेला तर चालते का? का स्क्रीनशॉट काढून, नाहीतर झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट मारून? गेटवर नेट नाही मिळालं तर, कारण यांचं इंडियाचं सिम? आणि मोठे बाबा मलेच विचारतात, "मंग अर्धं तिकीट मले कोन फाडून देईन?" याचं उत्तर तर माझ्याकडं अजिबात नाही.

पांदण_रस्ता :
स्क्रीनशॉट आणि प्रिंट विसरा. एनएफसीवाल्या पासात क्यूआर कोड नसतो, फोनमधली चिप गेटच्या रीडरशी बोलते, चित्राशी नाही. गूगलचं वॉलेट भारतातही चालू आहे २०२४ च्या मेपासून, फोनचं अँड्रॉइड फार जुनं नको, पण खरी गोम चिपची. काही वेळा एकच मॉडेल युरोपात एनएफसीसकट विकतात आणि आपल्याकडं तीच चिप काढून. घ्यायचाच असेल तर सेटिंगमध्ये एनएफसी लिहून शोधा, दिसलं तरच पैसे मोजा.

वऱ्हाडी_मावशी :
ताईचा फोन काहून नेता बाप्पा, नऊ महिन्याची पोटुशी पोरगी अन् फोन सासऱ्या-जवायाच्या खिशात, तेही ढोलताशा चालू असलेल्या ग्राउंडात! कळा सुरू झाल्या तर ते कोणाला फोन करीन?

धागाकर्ता :
मावशी 🙏 हे डोक्यातच आलं नव्हतं.

लीड्सवाला_पोट्टा :
दादा नवीन फोन घेऊच नका. जवायांच्या घरी एखादा जुना एनएफसीवाला फोन पडला असेल, तो रिसेट करा, मोठ्या बाबांच्या नावानं ईमेल उघडून टाका, घरच्या वायफायवर पास डाउनलोड करा. सिमची गरज नाही, एकदा पास वॉलेटमध्ये बसला की गेटवर नेट लागत नाही. मी इकडं दोन वर्षं जातो, नेटमुळं कोणी अडकलेलं पाहिलं नाही, बॅटरी संपून अडकलेले मात्र पाहिले. थंडीत बॅटरी लवकर उतरते. स्क्रीन चालू ठेवायची, फोनची पाठ टेकवायची, हिरवा लाइट लागला की आडवा दांडा ढकलायचा. म्हातारे गोरेही तिथं चष्मा कपाळावर चढवून फोन उलटासुलटा करत असतात, त्यामुळं लाजायचं काम नाही. आणखी एक, ताईच्या पासाचे पैसे घेऊन दुसऱ्या कोणाला देऊ नका, तिथं परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. घरच्याला क्लबच्या अकाउंटमधून पाठवणं वेगळं, तरी जवायांनी क्लबचा नियम एकदा वाचून घ्यावा.

पांदण_रस्ता :
आणि वय झालेल्यांसाठी काही क्लब आधी कळवलं तर वेगळी सोय करतात. जवायांना तिकीट ऑफिसला एक मेल टाकायला काय जाते.

धागाकर्ता :
अपडेट देतो. जवायांकडं जुना फोन निघाला, काच तडकलेली आहे पण एनएफसी आहे. मेल पण टाकला. इकडं मी माझ्या फोनवर प्रॅक्टिस घेऊन राहिलो, कोठ्याच्या फाटकाला फोन टेकवायचा, मी "हिरवा" म्हटलं की फाटक ढकलायचं. दोनदा बैल बाहेर आला. एक शंका, मोठे बाबा फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून रबर लावून बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात, पन्नीतून चालते का?

लीड्सवाला_पोट्टा :
पन्नी चालते 😄 पण पानाच्या डब्यात नका ठेवू देऊ, पत्र्यातून सिग्नल जात नाही. बँकेचं कार्डही फोनला चिकटवून ठेवू नका. आणि अर्ध्या तिकिटाचं म्हणाल तर काही क्लब अजून मॅचचं छापील पुस्तक काढतात, प्रोग्राम म्हणतात त्याला, दोन्ही टीमची नावं आणि तारीख असते वरती. ग्राउंडच्या बाहेर मिळते.

धागाकर्ता :
हे सांगितलं त्यांना. जरा वेळ गप्प राहिले, मग विचारते, केवढं असते ते पुस्तक, डब्यात बसन का?