मदत हवी आहे : तबकड्या संगणकावर उतरवताना येणारी घरघर

नमस्कार. वडिलांनी जमवलेल्या साठएक ग्रामोफोन तबकड्या घरीच डिजिटल स्वरूपात उतरवण्याचे काम मी हाती घेतले आहे, पण पहिल्याच तबकडीपाशी अडलो आहे. टर्नटेबलचा (तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचा) आवाज फोनो प्रीअँपमधून (सुईचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या उपकरणातून) यूएसबी इंटरफेसमार्गे (आवाज डिजिटल करणाऱ्या उपकरणामार्गे) लॅपटॉपवर येतो, आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी तो २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर, सर्वांत मोठा स्वरही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशा बेताने मुद्रित करतो.

अडचण अशी की गाणे सुरू होण्यापूर्वी, सुई रिकाम्या खाचेतून फिरत असतानाच, एक सलग खर्जातील घरघर ऐकू येते. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) धातूला बोट लावले की ती जवळजवळ थांबते, बोट काढले की परत येते. अर्थिंगची तार प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट बसवलेली आहे. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थोडा फरक पडतो, पण पुरेसा नाही. दोष कार्ट्रिजमागच्या (सुई बसवलेल्या डबीमागच्या) चार बारीक तारांत शोधावा, की टोनआर्म आतून अर्थला जोडलेलाच नसावा?

आणखी एक शंका. काही तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या आहेत. त्यांना जाड टोकाची सुई लागते हे ठाऊक आहे; पण १९५४ च्या सुमारास रुळलेला आरआयएएचा (अमेरिकी रेकॉर्ड उद्योग संघटनेचा) प्रमाणित वक्र, म्हणजे मुद्रणात खर्ज कमी व तार स्वर जास्त ठेवून वाजवताना ते उलट करण्याचे ठरलेले प्रमाण, या जुन्या मुद्रणांना लागू होत नसल्याने, त्या वक्राविना मुद्रण करून नंतर संगणकावर दुरुस्ती करणे योग्य ठरेल का? खरखर काढणारे फिल्टर मी तूर्त वापरत नाही, कारण त्यांनी तालवाद्याची थापच बोथट होते.