मदत हवी आहे: १५६२ च्या इंग्रजी स्तोत्रांच्या चाली

नमस्कार मंडळी. लंडनच्या जॉन डेने १५६२ मध्ये छापलेल्या स्टर्नहोल्ड-हॉपकिन्स यांच्या पद्य स्तोत्रसंहितेची (म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या इंग्रजी पद्यरूपांतराची) स्कॅन प्रत वाचतेय. बहुतेक स्तोत्रं ओळींत अनुक्रमे ८-६-८-६ अक्षरं अशा मापाची, अगदी लोकगीतासारखी सुटसुटीत. चर्चइतकीच घरोघरी रुजली ती त्यामुळेच, असं मला वाटतं. प्रत्येकाला स्वतंत्र चाल नाही, बऱ्याच ठिकाणी ‘अमुक स्तोत्राप्रमाणे गा’ एवढीच सूचना. पुढच्या काही आवृत्त्यांत तर नवशिक्यांसाठी स्वरांशेजारी सारेगमसारखी अक्षरंही छापलीत!

माझं घोडं अडलंय तालावर. नोटेशनमध्ये मात्रा तोडणाऱ्या उभ्या रेघाच नाहीत, आणि स्वर कमी-जास्त लांबीचे. सम कुठे धरायची? क्वायरमधलं कुणी जुनं नोटेशन वाचतं का? पहिलं स्तोत्र मोबाइलवर गाऊन पाठवलंत तरी पुष्कळ झालं.